जो येत नाही, त्याच्यासाठी कट्टा

मुंबईत ज्येष्ठांच्या कट्ट्यांना तोटा नाही. शिवाजी पार्कचा कट्टा, बागेतली बाकं, देवळाबाहेरचा पार, सगळीकडे सकाळ-संध्याकाळ मंडळी जमलेली असतात. त्यांच्यासाठी नवं काही काढायची गरज नाही. त्यांचे पाय चालतात, ओळखी आहेत, घरातून निघायला कारण आहे. इथे लिहिलंय ते सोसायटीत असा कट्टा सुरू करू पाहणाऱ्या तुमच्यासाठी, पण कट्टा काढायचा तो तिसऱ्या मजल्यावरच्या त्या काकूंसाठी, ज्या दिवाळीनंतर खाली उतरलेल्याच नाहीत, आणि ज्यांना तुमच्या नोटीस बोर्डावरचा कागद दिसतसुद्धा नाही.

बहुतेक उपक्रम इथेच घसरतात. हॉल घेतला, बोर्डावर सूचना लावली, चाळीस खुर्च्या मांडल्या आणि पंचवीस माणसं आली. पण ही पंचवीस कुठेही आलीच असती. म्हणून कट्ट्याचं सगळं गणित, म्हणजे वेळ, जागा, खुर्ची, चहा, न येणाऱ्या माणसाला समोर ठेवून मांडायचं. येणारे त्यात आपोआप सामावतात.

एकटा म्हणजे एकटा राहणारा, असं धरून चालू नका. वन बीएचकेमध्ये पाच माणसं असतात आणि सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत आजोबा भिंतीकडे बघत बसलेले असतात. बायको गेल्यावर मुलाने गावाहून आणलेले वडील असतात, त्यांना इथला रस्ता ठाऊक नसतो, जिना उतरून जायचं तर कुठे, हा प्रश्न असतो. आणि रिडेव्हलपमेंटमधून परत आलेले असतात. चाळीत दार दिवसभर उघडं, गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण आत डोकावायचा. मग चार-पाच वर्षं विरारला किंवा कल्याणला भाड्याने, नाहीतर संक्रमण शिबिरात काढली. परत आले तेव्हा घर मोठं झालं, संडास आत आला, आणि दार बंद झालं. जुने शेजारी त्याच टॉवरमध्ये असतात, पण कोण कितव्या मजल्यावर ते माहीत नसतं.

माणसं शोधायची कशी

सोसायटीच्या सभासदांची यादी उपयोगाची नाही, तिच्यात घरमालकाचं नाव असतं. विचारायचं ते रोज दारापर्यंत जाणाऱ्यांना: पेपरवाला, दूधवाला, कचरा उचलणारे, घरकामाला येणाऱ्या ताई, इस्त्रीवाला, केमिस्टकडचा डिलिव्हरीचा मुलगा, वॉचमन. प्रश्न थेट ठेवा: "पूर्वी खाली दिसायचे आणि आता दिसत नाहीत, असं कोण?" दहापर्यंत दारातच लटकलेली दुधाची पिशवी, दोन दिवसांचे पेपर, दुपारीसुद्धा ओढलेला पडदा, या खुणा त्यांना तुमच्या आधी कळलेल्या असतात.

काही प्रसंगांनंतर माणूस हमखास आत जातो. जोडीदार गेल्यानंतरचं वर्ष, गुडघ्याचं ऑपरेशन, एकदा घसरून पडणं, मोतीबिंदू पिकून नजर अधू होणं, ऐकू कमी येऊ लागणं, आणि लिफ्ट महिनाभर बंद पडणं. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. महिनाभर जिना उतरला नाही की पायातलं बळ जातं, आणि लिफ्ट सुरू झाली तरी सवय मोडलेली असते.

एक साधी वही करा. घर क्रमांक, त्यांना काय म्हणून हाक मारायची (काका, आजी, मावशी, सर, बाई), घरात कोणती भाषा, कान-डोळे-पाय यांपैकी काय अधू, कोणती वेळ सोयीची, अडचणीत कोणाला फोन करायचा. ही वही एकाच माणसाकडे राहील. तिचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, कधीच नाही. कोणत्या घरात कोण दिवसभर एकटं असतं याची यादी चोराच्या हाती आपणच द्यायची नसते.

दाराशी

पहिल्या भेटीला दोघं जा, त्यातली एक बाई असू दे, आणि जमल्यास तिसरं माणूस त्यांच्या ओळखीचं. बेल एकदाच वाजवायची आणि सावकाश थांबायचं. गुडघे धरून उठून दारापर्यंत यायला दोन मिनिटं लागतात, आणि पुन्हा वाजलेली बेल घाई म्हणूनच ऐकू येते. सेफ्टी डोअर उघडलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, जाळीतूनच बोला. फसवणुकीचे इतके फोन येतात की अनोळखी माणसाला आत न घेणं हा शहाणपणाच आहे. फॉर्म, आधार कार्ड, फोटो यातलं पहिल्या तीन भेटींत काहीही मागू नका.

आमंत्रणही देऊ नका. "ज्येष्ठांसाठी कार्यक्रम आहे, या ना" याला उत्तर ठरलेलं आहे: "बघू." मराठी माणसाचं "बघू" म्हणजे नाही, आणि "येईन हं" म्हणजे बहुतेक नाही. त्याऐवजी काहीतरी मागा. उदाहरणार्थ असं:

"काकू, मी दोनशे चारमधली. खालच्या देवळात वाती लागतात, पण मला वळताच येत नाहीत. तेवढं दाखवाल?"

पन्नास ग्रॅम कापूस बरोबर न्यायचा. काकू म्हणतील, हात थरथरतात. म्हणा, चालेल, आणि कापूस ठेवून या. दोन-तीन दिवसांनी वाती न्यायला पुन्हा जायचं. ही दुसरी भेट पहिलीपेक्षा सोपी असते, कारण आता तुमचं तिथे काम आहे. तिसऱ्या वेळी सांगायचं: "या वाती बघून अजून दोघींना शिकायचंय. गुरुवारी साडेचारला मी न्यायला येते." यात "याल का" हा प्रश्नच नाही, आणि "न्यायला येते" हे त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे. वाटेत काय लागेल, कोण भेटेल, लिफ्टचं बटण कोण दाबेल, ही धास्ती त्या दोन शब्दांत निम्मी उतरते.

पुरुषांना वाती चालत नाहीत. पेपरमधलं शब्दकोडं कापून अर्धं सोडवून न्या आणि उभा सातवा शब्द अडलाय म्हणून विचारा. ज्याने चाळीस वर्षं हिशेब सांभाळला त्याच्याकडे कट्ट्याच्या चहाचा जमाखर्च सोपवा, मिस्त्री असेल तर डुगडुगणाऱ्या खुर्च्या दाखवा. खोटं काम मात्र देऊ नका, ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो.

दिलेली सबब आणि खरं कारण वेगळं असू शकतं. "गुडघे दुखतात" यामागे पुष्कळदा लघवीची भीती असते: तिथे संडास कुठे असेल, वेळेत पोहोचता येईल का. "मला काय कळतंय तुमच्या गप्पांतलं" म्हणजे ऐकू येत नाही. "सून घरी नसते" म्हणजे घराची किल्ली त्यांच्याकडे दिलेली नाही. "आज उपास आहे" म्हणजे कदाचित वर्गणीची धास्ती, किंवा बाहेर जाण्याजोगी साडी नाही. समोरासमोर उलगडा करायला जाऊ नका, फक्त ते कारण गुपचूप दूर करा. पुढच्या वेळी बोलता बोलता सांगा की खालीच कमोड आहे, पैसे कोणी घेत नाही, आणि सगळ्या घरातल्याच गाऊनवर ओढणी घेऊन येतात.

तीन भेटींनंतरही नको म्हणाले तर थांबा. महिन्यातून एकदा दाराशी विचारपूस चालू ठेवा आणि न्यायचा विषय काढू नका.

कट्ट्याच्या नावात "वृद्ध", "एकाकी", "निराधार", "विरंगुळा" यातला एकही शब्द नको. "गुरुवारचा चहा" एवढं नाव पुष्कळ झालं.

जागा आणि वेळ

तळमजला, एका पायरीपेक्षा जास्त चढ नाही, आणि बसल्या जागेपासून तीस पावलांत कमोडचा संडास. हे तीन जुळले की बाकी तडजोड चालते. सोसायटीचं ऑफिस, वाचनालयाची खोली, व्यायामशाळेची पुढची जागा, गाड्या गेल्यावर रिकामं होणारं स्टिल्ट पार्किंग, चाळीतल्या रुंद गॅलरीचं टोक, काहीही चालेल. सोसायटीच्या जागेसाठी सेक्रेटरीकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, नाहीतर कमिटी बदलली की कट्टा उठतो. देवळाचा सभामंडप सोयीचा दिसतो, पण सुतक असलेले, इतर धर्मांचे आणि देवावर रुसलेले, तिघेही तिथे येत नाहीत. बागेचा विचार असेल तर ती दुपारी किती ते किती बंद असते ते आधी बघा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती नाहीच असं धरा.

वेळ साडेचार ते पावणेसहा. सकाळी कित्येकांनी लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेतलेली असते, त्यामुळे दुपारपर्यंत ते संडासापासून लांब जात नाहीत. दुपारी झोप असते. सहानंतर नातवंडांना क्लासहून आणायचं असतं, मग दिवेलागण, मग मालिका. तुमच्या इमारतीत पाणी संध्याकाळी येत असेल तर ती वेळ टाळून आखा. पाणी भरायच्या वेळी कोणी घर सोडत नाही.

वार एकच आणि दर आठवड्याला. पंधरा दिवसांनी भरणारा कट्टा टिकत नाही, कारण एकदा चुकलं की महिना जातो, आणि महिन्याने परत येणं म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसासारखं. आलटून पालटून वार ठेवले तर विसरणारी माणसं पहिली गळतात. रविवार नको, मुलं घरी असतात आणि आई-वडिलांना त्यांच्याजवळ थांबायचं असतं, मुलं मोबाईलमध्ये असली तरीसुद्धा.

मांडणी

माणसं आठ ते बारा. पंधरा झाली की दोन घोळके होतात आणि हळू बोलणारे दोन्हींच्या मधे पडतात. तेव्हा दुसरा वार सुरू करा.

खुर्च्या हात असलेल्याच हव्यात. हातावर भार दिल्याशिवाय उठता येत नाही, आणि ज्याला उठता येत नाही तो पुढच्या वेळी येत नाही. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत लादीवर मागे सरकतात, म्हणून पाठ भिंतीला लावून ठेवा. सतरंजी अंथरू नका, तिच्या कडेला पाय अडकतो. गोल असा करा की प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसेल, आणि सूत्र सांभाळणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही. मागून उजेड आला की ओठ दिसत नाहीत, आणि कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ओठांवरूनच ऐकत असतो. कानाचं मशीन लावणाऱ्याला पंख्याच्या थेट खाली बसवू नका, त्याला पंख्याची घरघरच ऐकू येते. माईक नको. ओरडायचंही नाही, कारण ओरडलं की आवाज चिरका होतो. समोर येऊन, सावकाश, जाड आवाजात बोला.

तीन कामं नेमून द्या. एकाने दाराशी उभं राहून नावाने हाक मारायची आणि खुर्चीपर्यंत न्यायचं. एकाने चहा. बाकीचे आणणारे-पोहोचवणारे, दोन ज्येष्ठांमागे एक. आदल्या संध्याकाळी फोन आणि निघण्याआधी तासभर पुन्हा फोन. मेसेज पाठवून काम झालं असं समजू नका. पुष्कळांचा मोबाईल मुलाच्या जुन्या सेटवर चालतो आणि आवाज बंद झालेला त्यांना कळत नाही.

चहा

चहा सुरुवातीला द्यायचा, शेवटी नाही. हातात कप असला की नवख्या माणसाला बोलायची सक्ती वाटत नाही, उशिरा येणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही, आणि चहा झाल्यावर तास उरतो, तेवढ्यात संडासाला जाऊनही येता येतं.

बारा माणसांना अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी, दहा-बारा चमचे पावडर आणि इंचभर आलं. सगळा चहा बिनसाखरेचा करायचा आणि साखर वेगळ्या वाटीत ठेवायची. उलट केलं, म्हणजे "शुगरवाल्यांचा" चहा वेगळा ठेवला, तर निम्मे लाजेखातर गोड चहा पितात. कप कानाचे आणि जड बुडाचे घ्या, पाऊण भरा. कागदी कप थरथरत्या हातात दबतो आणि भाजतं.

खायला मऊ काहीतरी: इडली, ढोकळा, केळं, साधा शिरा. पोहे करायचे तर बारा लहान बशांना 600 ग्रॅम जाडे पोहे पुरतात, शेंगदाणे न घालता, आणि नेहमीपेक्षा जरा ओलसर. चिवडा, चकली, दाणे नकोत. कवळीखाली दाणा गेला की माणूस हसायचं बंद करतो, आणि ठसका लागायचा धोका वेगळाच. संकष्टी, एकादशी आली की आधी विचारून राजगिऱ्याचा मऊ लाडू किंवा केळी ठेवा. साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना आवडते, पण शुगर असलेल्यांना तिच्याइतकं वाईट दुसरं नाही, हे मागणी करणाऱ्यांनाही माहीत असतं.

दर आठवड्याचा चहा-बिस्किटांचा खर्च दोनशेच्या आत बसतो. वर्गणी लावू नका. झाकणाला फट पाडलेला एक डबा दाराशी ठेवा, ज्याला जे टाकायचं ते टाकेल, कोणी किती टाकले ते दिसणार नाही.

सव्वा तासात करायचं काय

पहिली पंधरा-वीस मिनिटं चहा. मग अर्धा तास हाताचं काम. हात चालू असले की तोंड मोकळं होतं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायची जबरदस्ती नसते. थंडीत मटार सोलणं, मेथी निवडणं, श्रावणात वाती आणि वस्त्रं, मे महिन्यात छत्र्यांच्या काड्या बांधणं, संक्रांतीआधी तिळगुळाच्या पुड्या. बारा जणांना दोन किलो मटार अर्ध्या तासात आरामात होतात. नजर अधू असलेल्याला मटार द्या, मेथी नको, तिच्यातलं पिवळं पान दिसत नाही. काम झाल्यावर ते कुठे गेलं हे सांगायचं: वाती देवळात, मटार अंगणवाडीच्या ताईंना. नाहीतर ते नुसतं वेळ घालवणं होतं, आणि वेळ त्यांच्या घरीही भरपूर आहे.

संक्रांतीचं लिहिलंय म्हणून सांगून ठेवायला हवं: हळदीकुंकू या नावाने बोलावलं की विधवा बायका येत नाहीत, आणि आल्या तरी बाजूला बसतात. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्यांनाच आपण दाराबाहेर ठेवतो. नुसतं तिळगूळ म्हणा आणि सगळ्यांना सारखं वाण द्या.

उरलेल्या वेळात पत्ते, गाण्याच्या भेंड्या किंवा हाऊजी. मेंढीकोट चार जणांचा, झब्बूला कितीही चालतात. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, ते घ्या. हाऊजी मुंबईत फार कामाची आहे, कारण गोलात एक गुजराती बेन आणि एक तमिळ मामी हमखास असतात आणि आकडे सगळ्यांना कळतात. तिकिटात तीन ओळी, ओळीत पाच आकडे, असे पंधरा. बाजारातलं तिकीट फार बारीक असतं, तेव्हा ए-फोर कागदावर दोनच तिकिटं येतील असं छापून घ्या. पेनाने खोडायला लावू नका, थरथरत्या हाताला राजमाचे दाणे आकड्यावर ठेवणं सोपं जातं. प्रत्येक आकडा दोनदा म्हणा, मराठीत आणि हिंदीत, आणि पुठ्ठ्यावर मोठा लिहून दाखवा. बक्षीस अंगाचा साबण किंवा आगपेट्यांचा पुडा. पैसे नकोत, त्यावरून रुसवे होतात.

गप्पांसाठी वस्तू आणा. "तुम्हाला आठवतं का" असं विचारलं की ती परीक्षा होते, आणि विसरायला लागलेला माणूस पहिल्याच प्रश्नाला गप्प बसतो. त्याऐवजी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह मधे ठेवा, काहीच विचारू नका. कोणीतरी हात पुढे करतो, पंप दाबून बघतो, पिन कुठाय विचारतो. पिन आडवी गेली की कशी तुटायची, भडका उडाला की चावी किती सैल करायची, हे बोटांना माहीत असतं. महिनोन् महिने न बोललेल्या बाई इथे दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना दिसतात. आरेच्या दुधाच्या बाटलीचं झाकण, रेशन कार्ड, पत्र्याची ट्रंक, सगळं चालतं. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. चाळीत पहिला टीव्ही कोणाकडे आला आणि चपला कुठपर्यंत पसरायच्या, यावर एक अख्खा गुरुवार जातो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ट्रामही आठवते, ती 31 मार्च 1964 ला बंद झाली. गिरणगावात मात्र गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपाचा विषय स्वतःहून काढू नका. कित्येकांचं घर त्यात मोडलं. त्यांनी विषय काढला तर ऐका आणि मधे सारवासारव करू नका.

शेवटची पाच मिनिटं पुढच्या गुरुवारची कामं वाटायला. कोणी पत्ते आणायचे, कोणी आलं, कोणी तीनशे दोनमधल्यांना फोन करायचा. ज्याच्याकडे आलं आणायचं आहे तो येतोच.

काय बिघडतं

जागा ठरून जातात. महिन्याभरात प्रत्येकाची खुर्ची ठरते आणि नव्या माणसाला "ती यांची आहे" असं ऐकावं लागतं. दर वेळी प्रत्येक खुर्चीवर खेळातला एक पत्ता ठेवा आणि दारात त्याच्याच जोडीचा दुसरा पत्ता हातात द्या. लहान मुलांसारखं वाटेल, पण भांडण होत नाही. ऐकू कमी येणाऱ्याची खुर्ची तेवढी ठरलेली ठेवा.

भाषणं सुरू होतात. "मी मंत्रालयात होतो तेव्हा" या वाक्याला अंत नसतो. अशा गृहस्थांना गप्प बसवू नका, वेळ सांभाळायचं घड्याळ द्या. बहुधा त्यानंतर ते इतरांना गप्प बसवतात, तेही लक्षात असू द्या.

बॅनर येतो. कोणी चहाचा खर्च देतो म्हणतो, मग शाल-श्रीफळ, मग फोटो, मग पुढे स्टेज आणि समोर रांगेत ज्येष्ठ. विमा एजंट, औषधांचे विक्रेते, "खास ज्येष्ठांसाठी योजना" घेऊन येणारे, सगळ्यांना दारातूनच नमस्कार. तपासणी शिबिरंही वर्षातून एखादं पुरे. दर आठवड्याला बीपीचं मशीन आणलं की कट्ट्याची ओपीडी होते आणि गप्पा आकड्यांवर येतात.

घरातल्या गोष्टी बाहेर जातात. सुनेची तक्रार कट्ट्यावर झाली आणि ती लिफ्टमध्ये तिच्याच कानावर आली, तर आजी पुन्हा येत नाहीत. इथलं इथेच, हे पहिल्या दिवशी सांगा आणि मोडणाऱ्याला बाजूला घेऊन बोला. मात्र कोणी मारहाणीचं, उपाशी ठेवल्याचं, जबरदस्तीने सह्या घेतल्याचं सांगितलं तर ते वेगळं. मुलाला जाब विचारायला जाऊ नका, त्याचा राग रात्री घरात निघतो. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे, तिथे त्यांना तुमच्या फोनवरून बोलू द्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली 60 वर्षांवरच्यांना मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. करायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं.

शुगर उतरते. घाम, थरथर, बरळल्यासारखं बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि बरं वाटलं तरी घरी कळवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून लगेच उठवू नका. आधी कुठे दुखतंय विचारा, पाय हलवायला सांगा. तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, जीभ जड होणं, छातीत कळ, यातलं काही दिसलं तर थेट 108.

गैरहजेरी ही सगळ्यांत मोठी खूण. न आलेल्याला त्याच संध्याकाळी सातच्या आत फोन, आणि सूर "का आला नाहीत" असा नको: "तुमचा कप उरला." सलग दोनदा चुकलं तर दोन दिवसांत घरी. मे महिन्यात संख्या निम्मी होते, कोकणात, देशावर, मुलीकडे जातात. जाताना परतीची तारीख वहीत लिहून घ्या, कारण परत आल्यावर पुन्हा न्यायला जावं लागतं. मुसळधार पावसात खाली बोलावण्यापेक्षा मजल्यामजल्यावर तिघं-चौघं एका घरात बसवा, ओल्या लादीवरून न्यायची जोखीम नको.

आणि कोणीतरी जातं. त्या आठवड्याचा कट्टा रद्द करू नका, घरात एकट्याने ती बातमी चघळण्यापेक्षा खाली आलेलं बरं. नाव घ्या, दोन जण दोन गोष्टी सांगतील, मग चहा. मागे राहिलेल्या जोडीदाराला वर्षश्राद्धाची वाट बघायला लावू नका. तेराव्यानंतरच्या आठवड्यात कापूस किंवा कोडं घेऊन दाराशी जा.

काही जण खाली येऊच शकणार नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी कट्टा वर न्यायचा: दोघंच, वीस मिनिटं, चहाचा थर्मास आणि निवडायच्या मेथीची छोटी जुडी. सगळे आठ जण एकदम नेऊ नका, घरातल्यांना पाहुणचाराचं ओझं होतं आणि आजींना दम लागतो. सून घरी असण्याची वेळ विचारून घ्या, बिछान्याच्या ज्या बाजूला त्या वळू शकतात तिथे खुर्ची लावा, आणि मेथी निवडून झाली की ती खाली आणून सगळ्यांना दाखवा, ही अमुक आजींची म्हणून. पुढच्या वेळी दुसरे दोघं जातील.